वृत्ती, दक्षिणा आणि दोन गाई

‘शासकीय शिष्यवृत्ती’ या दोन शब्दांत एकच धातू दोनदा येऊन बसला आहे. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर वर्षानुवर्षे हे शब्द शेजारी-शेजारी लागतात, पण त्यांचे नाते सहसा कुणी विचारत नाही. धातू आहे ‘शास्’. शिकवणे, आज्ञा देणे, ताब्यात ठेवणे, दंड करणे, इतके सगळे अर्थ या एकट्याने वागवले. त्यातून शास्त्र निघाले, शासन निघाले, आणि ज्याला शिकवायचे, वेळप्रसंगी धाकात ठेवायचे, तो शिष्यही निघाला. मराठीत तर शासन म्हणजे सरकार आणि शासन म्हणजे शिक्षासुद्धा. ‘शिक्षा’ची गोष्ट आणखी मजेची. ती ‘शक्’ धातूची, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा. हिंदीत तिचा अर्थ शिक्षण असाच राहिला. मराठीने शिक्षण वेगळे काढले आणि ‘शिक्षा’ छडीला देऊन टाकली. शिकण्याच्या दोन वेगवेगळ्या धातूंना आपण एकाच ठिकाणी, अंगठे धरायला लावून, उभे केले आहे.

शासन आणि शिष्य यांचे हे नाते नुसते कोशातले नाही, हे दाखवणारी एक गोष्ट न्यायमूर्ती रानड्यांच्या चरित्रांत येते. रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते आणि त्यांना शिष्यवृत्ती होती. त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली, आणि ती इंग्रजांना फारशी सुखावणारी नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे विद्वान गृहस्थ, रानड्यांवर लोभ असलेले. पण जे सरकार तुला शिकवते त्याच सरकारला नावे ठेवतोस, म्हणून त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. शिष्याला शासनाने केलेले शासन! धातुपाठ लिहिणाऱ्याला याहून चांगले उदाहरण मिळाले नसते.

आता ‘वृत्ती’. ही ‘वृत्’ धातूची, म्हणजे फिरणे, वळणे, असणे, वागणे. वर्तन, वर्तुळ, वर्तमान, वृत्त, आवृत्ती, निवृत्ती हा सगळा तिचाच गोतावळा. मनाचा कल ती वृत्ती, सूत्रावरचे विवरण ती वृत्ती, आणि ज्यावर माणूस जगतो तीही वृत्तीच. शिष्यवृत्तीत अर्थातच हा तिसरा अर्थ आहे. पण महाराष्ट्रात या तिसऱ्या अर्थाला फार जुना आणि फार घट्ट सामाजिक रंग आहे. दख्खनच्या ताम्रपटांत अग्रहाराच्या जमिनीचे जे वाटे ब्राह्मणांना दिले जात, त्यांना वृत्ती म्हणत. पुढे मराठी कागदपत्रांत जोशीपणाची वृत्ती, कुलकर्णाची वृत्ती असे शब्द येतात. तिथे वृत्ती हा अरबीतून आलेल्या ‘वतना’चा जवळजवळ सख्खा भाऊ आहे. ती विकता येई, गहाण टाकता येई, तिच्यावरून भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडत. आणि सनदेत ती ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ चालवायची असे. तिच्यासाठी परीक्षा नव्हती. योग्य घरात जन्म घेणे एवढीच अट.

म्हणून ‘शिष्यवृत्ती’ हा समास मला दिसतो त्यापेक्षा धीट वाटतो. जी वृत्ती घराण्याच्या नावाने चालायची ती त्याने शिष्याच्या नावाने लावली. शिष्यपण वारशाने मिळत नाही. ज्याचे त्याला मिळवावे लागते, आणि ते संपतेही. वंशपरंपरेने चालणाऱ्या वृत्तीच्या देशात ही एकच वृत्ती अशी निघाली, की जिचे दरसाल नूतनीकरण करावे लागते. कॉलेजच्या खिडकीवर ‘फ्रेश की रिन्युअल?’ असा प्रश्न येतो तेव्हा तो विचारणाऱ्या कारकुनाला सनदा ठाऊक नसतील, पण सनदेच्या उलटा प्रश्न तोच आहे.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. मधल्या काळाचे नाव आहे दक्षिणा.

पेशवाईत श्रावणात पुण्यात दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा सेनापती दाभाड्यांची, तळेगावची. पेशव्यांनी ती पुण्याला आणली. सामान्य ब्राह्मणांना पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात कोंडून, एकेक बाहेर सोडत दक्षिणा द्यायचे. शास्त्री-पंडितांची मात्र परीक्षा होई आणि त्यांना ज्याच्या-त्याच्या विद्येप्रमाणे जास्त मिळे. म्हणजे एकाच खात्यात सरसकट मदतही होती आणि गुणवत्तेचे पारितोषिकही. आजच्या योजनांच्या यादीकडे पाहिले तर हे दुपदरी धोरण फार काही बदललेले नाही. बदलली ती रांग; ती रमण्यातून संगणकावर गेली.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. पुण्याची नाराजी त्याला नको होती. 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि दक्षिणेचा काही पैसा तिकडे वळला. पुढे लोकहितवादींसारखी नव्या शिक्षणातली माणसे म्हणू लागली, की हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. जुने शास्त्री खवळले, पुण्यात बरीच खळबळ झाली, आणि शेवटी ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ नावाचा अर्धा संस्कृत, अर्धा इंग्रजी प्राणी जन्माला आला. 1855 साली जोतीराव फुल्यांनी याच कमिटीकडे ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवले. भोळ्या शेतकऱ्याला फसवून दक्षिणा उकळणाऱ्या भटजीचे ते नाटक. दक्षिणेच्याच पैशातून बक्षीस मागायला आलेले. कमिटीने ते नाकारले. कमिटीत कोण होते हे बाजूला ठेवले तरी, आपल्याच नावाची खरडपट्टी करणाऱ्या नाटकाला दक्षिणा कशी मिळणार होती!

त्यानंतर त्याच निधीतून कॉलेजातल्या हुशार विद्यार्थ्यांसाठी ‘दक्षिणा फेलो’ची जागा निर्माण झाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर दक्षिणा फेलो होते, रानडे होते. पुढे आगरकरही डेक्कन कॉलेजात फेलो होते. आपण एकोणिसाव्या शतकातले विचारवंत म्हणून ज्यांची नावे घेतो त्यांतल्या अनेकांच्या तरुणपणीच्या पोटापाण्याचा हिशेब या एका खात्यापाशी येऊन थांबतो.

आणि शब्दवेड्याला खरी मेजवानी इथेच आहे. ‘दक्षिणा’ म्हणजे मुळात पैसा नव्हे. ‘दक्ष्’ म्हणजे समर्थ असणे. दक्ष, दक्षिण हे त्याचेच. उजवा हात समर्थ म्हणून तो दक्षिण, आणि उगवतीला तोंड करून उभे राहिले की उजवीकडची दिशा ती दक्षिण. लॅटिनमधला ‘डेक्स्टर’, म्हणजे उजवा, हा याच कुळातला. वैदिक काळी यज्ञ करणाऱ्या ऋत्विजाला जी चांगली, दुभती, विणारी गाय देत ती ‘दक्षिणा’ म्हणजे समर्थ गाय. गाय गेली आणि विशेषण तेवढे मागे उरले. त्याचे पुढे नाणे झाले, मग पाकीट झाले. लग्नातले गुरुजी हल्ली क्यूआर कोडही पुढे करतात. तो स्कॅन करताना आपण व्युत्पत्तीने पाहता गोदान करत असतो.

आता ‘फेलो’. हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून आला. तिथे ‘फेलागी’ म्हणजे ज्याने आपला ‘फे’ दुसऱ्याच्या ‘फे’शी मिळवून ठेवला तो, भागीदार. आणि ‘फे’ म्हणजे गुरेढोरे. गुरे हेच धन, म्हणून पुढे मालमत्ता. संस्कृतातला ‘पशु’ आणि हा ‘फे’ भाषाशास्त्राच्या हिशेबाने चुलत भावंडे आहेत. इंग्रजी ‘फी’ हीही त्याच गोठ्यातली मानतात. तेव्हा ‘दक्षिणा फेलो’ या पदवीत एक गाय संस्कृतातून आली, दुसरी उत्तर समुद्र ओलांडून. एल्फिन्स्टन आणि डेक्कन कॉलेजच्या आवारात दोघींना एका दाव्याला बांधले गेले. भांडारकरांना हे नक्की कळले असते. त्यांनी त्यावर टिपण केले असते की नुसते मिशीत हसले असते, सांगता येत नाही.

दक्षिणा फेलो झालेली ही सगळी मंडळी मात्र एकाच जातिसमूहातली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. निधी जन्मावरून सुरू झाला, परीक्षेवर आला, तरी परीक्षेपर्यंत पोचणारी घरे तीच राहिली. ती साखळी तुटायला वेगळे हात लागले. 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षे महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्याबरोबर करारही होता. परत येऊन संस्थानाची दहा वर्षे नोकरी करायची. हीसुद्धा शासकीयच शिष्यवृत्ती, फक्त शासन संस्थानी. ही नोकरी करताना बडोद्यात त्यांचे काय झाले, राहायला जागासुद्धा कशी मिळाली नाही, ते सर्वांना ठाऊक आहे. शिष्यवृत्तीने शिष्य घडवला. त्याला भाड्याने खोली देण्याची वृत्ती मात्र ती गावात आणू शकली नाही. मघाशी सांगितलेला वृत्तीचा पहिला अर्थ तो हाच, मनाचा कल.

1944 साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची केंद्रीय शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ही योजना आजही चालू आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत तिला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. ती ‘जीओआय’, गव्हर्नमेंट ऑफ इंडियाची. कागदोपत्री तिचे नाव ‘भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती’. या ‘मॅट्रिकोत्तर’वर माझा फार जीव आहे. लॅटिनमध्ये नोंदवहीला ‘मॅट्रिक्युला’ म्हणत. तो ‘मॅट्रिक्स’चा लहानगा, आणि मॅट्रिक्सच्या पोटात ‘माटर’, म्हणजे आई. त्या लॅटिन मॅट्रिकला कुण्या सरकारी भाषांतरकाराने संस्कृत ‘उत्तर’ जोडला आणि अ अधिक उ बरोबर ओ असा गुणसंधी बिनचूक केला. पाणिनी आणि रोम एका सरकारी परिपत्रकात भेटले. मॅट्रिकची परीक्षा जाऊन कितीतरी वर्षे झाली, दहावी-बारावी आली, तरी संधी टिकून आहे.

संधी गुण, आणि विद्यार्थ्यालाही गुण. हा मराठीचा खास उद्योग. हिंदीत परीक्षेत अंक मिळतात, मराठीत गुण. गुण म्हणजे मुळात दोरीचा पीळ, धनुष्याची दोरी. एकावर एक पीळ देत गेले की दुप्पट-तिप्पट होते म्हणून द्विगुण, त्रिगुण, गुणाकार. पदार्थाचा धर्म तो गुण, माणसाचा चांगुलपणा तो गुण. औषधालाही गुण येतो. एवढ्या ओझ्याखाली असलेल्या शब्दावर आपण शंभरपैकी किती, हेही लादले. परिणाम असा, की ‘गुणवत्ता शिष्यवृत्ती’ म्हटल्यावर ती अंगच्या गुणांना की गुणपत्रिकेवरच्या गुणांना, हा प्रश्नच मराठीत विचारता येत नाही. दोन्हीकडे शब्द एकच, म्हणून उत्तर आधीच दिलेले. जून-जुलैत गल्लोगल्ली ‘गुणवंतांचा सत्कार’ होतो, गुलाबाचे फूल आणि पेन देतात, त्यात आजीला सांभाळून बहात्तर टक्के काढणारी मुलगी कधी व्यासपीठावर दिसत नाही. ती गुणी असते. गुणवंत नसते.

केंद्र सरकारची कॉलेज आणि विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठीची जी गुणवत्ता योजना आहे, तिने यातून आपल्यापुरती वाट काढली आहे. ठरावीक टक्के मिळवा असे ती म्हणत नाही. आपापल्या बोर्डात, आपल्या शाखेत, 80 पर्सेंटाइलच्या वर असा, म्हणजे शंभरातल्या वरच्या विसांत या, असे म्हणते. आणि वर घरचे उत्पन्नही बघते. देशभरात दरसाल नव्या 82,000 शिष्यवृत्त्या, त्यांतल्या निम्म्या मुलींना. टक्का आणि पर्सेंटाइल यांतला फरक मराठीत अजून नीट उतरलेला नाही. ‘शतमक’ असा एक प्रयोग आहे, पण तो उच्चारताना जीभ अडखळते. गावाकडच्या सायबर कॅफेत ‘पर्सेंटाइल म्हणजे टक्केच ना?’ या प्रश्नाला ‘हो, तसंच’ हे उत्तर अजून मिळते, आणि कुणाचा तरी फॉर्म चुकतो.

‘मेरिट’ हा शब्द आपण कसा वापरतो तेही पाहा. ‘तो मेरिटला आला’, ‘यंदा मेरिट कितीला क्लोज झालं?’ म्हणजे मेरिट ही आपल्याकडे एक यादी आहे किंवा एक रेषा. लॅटिनमध्ये तो कमाईचा शब्द आहे. ‘मेरेरे’ म्हणजे कमावणे, लायक ठरणे. मुदत पूर्ण करून मोकळा झालेला रोमन शिपाई ‘एमेरिटस’, म्हणजे ज्याची कमाई पुरती झाली तो. आज विद्यापीठांत प्रोफेसर एमेरिटस असतात, आणि त्यांच्यातले काही रोमन शिपायापेक्षा बरेच कमी दमलेले असतात. ‘स्टायपेंड’ही त्याच छावणीतला, शिपायाचा पगार. मराठीने त्याला ‘विद्यावेतन’ केले, आणि नकळत मूळ बरोबर पकडले, कारण वेतन म्हणजे मजुरी. म्हणूनच निवासी डॉक्टर विद्यावेतनासाठी संपावर जाऊ शकतात. रात्रभर वॉर्डात उभा असलेला माणूस शिकतो आहे की राबतो आहे, या वादात शब्दाने केव्हाच डॉक्टरांची बाजू घेतली आहे.

हिंदीवाले शिष्यवृत्तीला ‘छात्रवृत्ति’ म्हणतात. आपल्याकडे छात्र आहे तो राष्ट्रीय छात्रसेनेत, आणि हल्ली बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या ‘अधिछात्रवृत्ती’त, हा फेलोशिपचा सरकारी अवतार. छात्राचा संबंध छत्राशी, म्हणजे छत्रीशी. पतंजलीने महाभाष्यात तो मोठा गोड लावला आहे. गुरूने शिष्याला छत्रासारखे झाकावे आणि शिष्याने गुरूला छत्रासारखे सांभाळावे. काशिकाकारांनी मात्र गुरूची छिद्रे, म्हणजे उणिवा, झाकतो तो छात्र असे सांगितले. पीएच.डी. करणाऱ्या कुणालाही विचारा, कोणता अर्थ जास्त चालतो.

इंग्रजी ‘स्कॉलरशिप’ आपण इतकी आपली केली, की तिचा अर्थच बदलून टाकला. मराठी घरात ‘स्कॉलरशिप’ ही रक्कम नसते, परीक्षा असते. मूल ‘स्कॉलरशिपला बसते’. त्यासाठी शाळेआधी जादा तास असतो, सुट्टीत सराव असतो, बुद्धिमत्ता चाचणीचे जाड पुस्तक असते. शब्दाच्या मुळाशी ग्रीक ‘स्खोले’ आहे, आणि स्खोले म्हणजे फुरसत. पोटाची विवंचना नसलेल्या माणसाचा मोकळा वेळ. त्यात चर्चा करायची, म्हणून ती जागा स्कूल, आणि तसा वेळ ज्याला मिळतो तो स्कॉलर. आपल्या दहा वर्षांच्या स्कॉलरकडे वर्षभर जी एकच गोष्ट नसते, ती ही. पण कॉलेजच्या मुलांच्या बाबतीत मला ही ग्रीक व्युत्पत्ती सगळ्या व्याख्यांत खरी वाटते. शिकवणीची फी, मेसचे पैसे, पहाटेची डिलिव्हरीची कामे यांतून महिन्याचे काही तास सोडवून देणे, एवढेच तर चांगल्या शिष्यवृत्तीचे काम. पूर्वी हेच काम माधुकरीने आणि वारावरच्या जेवणाने केले, पण त्या ताटाबरोबर मिंधेपणा यायचा.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती-अर्जांच्या संकेतस्थळावर शिष्याला नाव आहे ‘लाभार्थी’. विद्यार्थी आणि लाभार्थी, दोघेही अर्थी, दोघेही काहीतरी मागणारेच. फक्त मागणी बदलली. तिथे तो ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतो. पात्र म्हणजे भांडे, ज्यातून प्यायचे ते. दान कुणाला द्यावे हे सांगणाऱ्या धर्मशास्त्राने त्याचा अर्थ योग्य माणूस असा केला. तिथेच ‘एकलव्य आर्थिक सहाय्य’ नावाची पदव्युत्तरांसाठीची योजना आहे. योजनेला नाव देणाऱ्याने गुरूविना शिकलेला मुलगा आठवला, ते छान. त्याने दक्षिणा म्हणून काय दिले ते आठवले असते, तर बहुधा दुसरे नाव सुचले असते. मला विचारले असते तर मी कौत्स सुचवला असता. दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो ती त्याचीच कथा. गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या, म्हणून तो रघुराजाकडे गेला. राजाने सगळे आधीच दान केलेले, तरी त्याने कुबेराकडून सोन्याचा पाऊस पाडून घेतला. राजा म्हणे सगळे घेऊन जा, कौत्स म्हणे मला लागते तेवढेच. या कथेत उत्पन्नाचा दाखला नाही, आणि विलंबही नाही. मागितले त्या रात्री खजिना भरला.

आजच्या वर्तमानपत्रात शिष्यवृत्ती या शब्दाच्या आधी सर्वांत जास्त येणारे विशेषण पाहिले, तर ते ‘थकीत’ आहे. हाही शब्द पाहण्यासारखा. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘स्था’ला, म्हणजे उभे राहण्याला, ‘थक्क’ असा आदेश सांगितला आहे. त्यातून थबकलेला तो थक्क आणि दमून थांबलेला तो थकलेला. पैसे येता-येता अडले की थकबाकी. ‘माझी स्कॉलरशिप थकली’ असे मुलगा म्हणतो तेव्हा व्याकरणात दमलेली असते रक्कम. तो स्वतः समाजकल्याणच्या कार्यालयाबाहेर, आधार सीडिंगची पावती घेऊन, ‘स्था’ धातूच्या मूळ अर्थात असतो.